पाचवा आला की पहिला विसरतो

आमच्या धंद्यात ‘ओळख करून देणे’ नावाचं एक काम असतं. माणसांची नव्हे, रिमोटची. जुन्या गाडीला नवीन कुलूप बसवलं, सगळ्या तारा जोडल्या, तरी हातातला रिमोट दाबला की गाडी ढिम्म हलत नाही. हा कोण, हे तिला ठाऊकच नसतं. मग डॅशबोर्डच्या खाली हात घालून डब्यावरचं बारीकसं बटण दाबून धरायचं, लाइट लुकलुकला की रिमोट दाबायचा, आणि मग गाडी ‘टुक’ करून सांगते की कळलं, हा आपला. तेव्हापासून ती त्याचं ऐकते. मी अशा किती गाड्यांना ओळख करून दिली असेल याचा हिशेब नाही, पण त्या ‘टुक’चं नवल माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. माझी बायको हसते. “तुमकू तो बल्ब जला तो भी अचंबा होता,” म्हणते. खरं आहे. ज्याला अचंबा वाटत नाही त्याने बिजलीच्या कामात पडूच नये, असं माझं मत आहे. त्याला हमखास झटका बसतो.

मी पांढरकवड्यात गाड्यांचं वायरिंग करतो. म्हणजे करत होतो. आता दुकान मुलगा पाहतो आणि मी खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढतो. तो म्हणतो, हे काम मी पहिल्यापेक्षा जास्त मन लावून करतो.

जुन्या गाडीत रिमोट बसवणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वीच्या गाडीचं एक दार चाबीने उघडायचं आणि बाकीची आतून हात लांब करकरून, एकेक खुंटी वर ओढून. दाराच्या आत, पत्र्याच्या पोटात, त्या खुंटीला जोडलेली एक लोखंडी सळी असते. आम्ही दाराचं आतलं पॅड खोलतो आणि त्या सळीला एक छोटी मोटर बांधतो. दिसायला पिस्तुलासारखी असते, म्हणून धंद्यात तिला गन म्हणतात. गनने सळी वर ढकलली की दार उघडं, खाली ओढली की बंद. प्रत्येक दाराला एक गन, आणि सगळ्यांच्या तारा डॅशबोर्डखालच्या एका डब्यात. तो डबा म्हणजे मेंदू. शिवाय चोराला घाबरवायला एक भोंगा, काचेवर ठोका पडला तर डब्याला कळवणारं एक यंत्र, आणि हवं असेल तर कट-ऑफ, म्हणजे कुलूप लागलेलं असताना चाबी फिरवली तरी इंजिन सुरू होऊ न देणारी तोड. तारा जोडणं कोणीही शिकतो. खरं कसब दारातून तार नेण्यात आहे. दार दिवसभर उघडतं आणि मिटतं. तार ताणून नेली तर तुटते, ढिली सोडली तर काचेत सापडते. आमचे उस्ताद म्हणायचे, तारेला तेवढीच मोकळीक दे जेवढी तू जावयाला देतोस.

पण दारातल्या तारा मला कळतात. जिथे तारच नाही तिथे माझी बुद्धी अजून थांबते. बाजाराच्या दिवशी मी दुकानापुढे उभा राहतो तेव्हा मनात येतं, ही सगळी हवा हाकांनी भरलेली आहे. कोणी इकडे बटण दाबतो, कोणी तिकडे, प्रत्येक रिमोट आपलंच नाव ओरडतो, आणि एवढ्या गाड्यांमधली एकच गाडी डोळे मिचकावते. बाकीच्या ऐकूनसुद्धा गप्प राहतात. जत्रेत शंभर पोरं रडत असली तरी आईला आपलंच ऐकू येतं, तसं. याचं शास्त्र मला पुस्तकातून समजावून सांगणारे भेटले. समजलंही. नवल काही कमी झालं नाही.

गिऱ्हाइकांनीही मला नवल करायला लावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात बिघडलेल्या रिमोटांची रांग लागते. पूर्वी लोक गाडीच्या चाबीची पूजा करायचे, आता पाटावर रिमोट ठेवतात. हळद, कुंकू, अक्षता आणि वरून नारळाचं पाणी. राळेगावच्या एक बाई त्यात नेमाने असायच्या. मी त्यांना म्हटलं, “ताई, याले पाणी चालत नाई.”

“देवाचं पाणी हाय ना जी थे.”

“देवाचं असलं तरी ओलंच असते. पुढच्या खेपेले पन्नीत गुंडाळून पूजा करा.”

“पन्नीतून देवापर्यंत कसं पोचन?” त्या रागावल्याच. पण पुढच्या दसऱ्यानंतर त्या आल्या नाहीत. नंतर कधीतरी बाजारात भेटल्या तेव्हा मी विचारलं. म्हणाल्या, “आतलं यंत्र काढून डब्यात ठेवते, अन् वरच्या टरफलाची पूजा करते. देव बी खूश, रिमोट बी खूश.” मी रस्त्यातच हात जोडले. दोन्हीकडचा मान राखणारा असा तोडगा मला कधी सुचला नसता.

पण नवल म्हणतात ते मी पुरतं पाहिलं ते एका जुन्या सुमोच्या बाबतीत. बाकीचं सगळं त्यापुढे टरफल.

मुकुटबनच्या पुढे एका गावात गुलाबराव राहतात. तालुकाभर लोक त्यांना काकाजी म्हणतात. कपाशी, तूर, सोयाबीन, खाऊनपिऊन सुखी घर. बरीच वर्षं त्या गावात चारचाकी म्हणजे काकाजींची सुमो, दुसरी नाही. आणि ती सुमो कधीही कुलूपबंद नव्हती. अंगणात उभी असायची आणि चाबी स्टेअरिंगखाली लटकत असायची. कोणाला साप चावला, कोणाची बाई अडली, की ज्याला चालवता येईल तो बसायचा आणि दवाखान्यात न्यायचा. विचारायची पद्धत नव्हती. अंगण रिकामं दिसलं की काकाजींना कळायचं, गावात काहीतरी झालं आहे. गाडी परत आणणारा ओरडत यायचा, “काकाजी, पोरगी झाली!” किंवा काहीच न बोलता गाडी लावून मान खाली घालून उभा राहायचा. मग काकाजी दुपट्टा खांद्यावर टाकून त्याच्यासोबत जायचे.

हे असं चाललं होतं. मग गावातल्या दोघांनी दारू पिऊन सुमो काढली आणि नाल्यात घातली. मेलं कोणी नाही, पण मुलगा प्रशांत नागपूरहून धावत आला. तो तिथे नोकरीला आहे. त्याने बापापुढे दोनच गोष्टी ठेवल्या. “बाबा, एक त कुलूप लावा, नाई त गाडी विका. उद्या कोणी मेलं त मालक म्हणून तुमाले धरतीन.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी इथेच सांगून ठेवतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

दोघे सुमो घेऊन माझ्या दुकानी आले. प्रशांतने सगळं सांगितलं. पाचही दारांना गन, भोंगा, कट-ऑफ. काकाजी स्टुलावर बसून खर्रा, म्हणजे आमच्याकडची सुपारी-तंबाखू, घोटत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “रशीदभाई, एक सांगा. गरज कोणाले हाय अन् मजा कोणाले कराची हाय, हे तुमच्या कुलपाले समजते का?”

“नाई काकाजी. थे फक्त रिमोट ओळखते. माणूस ओळखत नाई.”

“अन् रिमोट किती ओळखते?”

“चार. डब्याच्या डोक्यात चारच जागा हायेत. पाचवा शिकवला की थे पहिल्याले विसरते.”

“पहिल्यालेच?”

“हो. जो सगळ्यात जुना, थो जाते.”

काकाजी हसले. “मोठं माणसावानी हाय मंग,” म्हणाले.

प्रशांतने लगेच बोटांवर मोजून वाटणी केली. एक बाबांचा, एक आईचा, एक त्याचा, एक जास्तीचा. गाडी तयार झाली की निरोप द्या, एवढंच काकाजी म्हणाले.

तयार झाली तेव्हा मी निरोप दिला. प्रशांत नागपूरहून परस्पर आला आणि काकाजी गावाहून एस.टी.ने. पण एकटे नाहीत, सोबत चार माणसं. मला वाटलं, गाडी न्यायला एवढी वरात कशाला. काकाजींनी चौघांना ओळीने बाकावर बसवलं. एक सुनंदाबाई, गावातल्या आशा सेविका म्हणजे आशाताई, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. एक शेवंताबाई, पिठाची चक्की चालवणाऱ्या. एक भीमा नाईक. गावाशेजारी नाल्यापलीकडे कोलाम आदिवासींचं पोड आहे, म्हणजे त्यांची वस्ती, तिचा हा प्रमुख. आणि चौथी काकाजींची बायको, आमच्या काकू, ज्या आल्यापासून तोंड वाकडं करूनच बसल्या होत्या.

“या चौघायले शिकवा,” काकाजी म्हणाले.

माझा समज झाला की ड्रायव्हिंग शिकवायचं आहे. मी म्हटलं, “काकाजी, माझ्याकडं ड्रायव्हिंग स्कूल नाई. यायले गाडी चालवता येते का?”

“एकाले बी नाई. म्हणून त आणले.”

मला काही उमजेना. प्रशांतलाही नाही. तेव्हा काकाजींनी खर्रा थुंकून सांगितलं, आणि ते बोलणं मला जन्मभर पुरेल. “हे पाहा. गावात गाडी चालवणारे बारा पोट्टे हायेत. त्यायले रिमोट देल्ला, का थे मजा मारते. आता ज्याले चालवता येते त्याले उघडता येत नाई, अन् ज्याले उघडता येते त्याले चालवता येत नाई. दोघं एका जागी आले, त समजाचं का काम खरं हाय.”

मी आयुष्यभर कुलपं बसवली. कुलूप म्हणजे एक आत आणि बाकीचे बाहेर, एवढंच मला माहीत होतं. एकट्याच्या हाताने जे उघडूच नये आणि दोघं भेटले की उघडावं, असं कुलूप या माणसाने नुसत्या माणसांमधून बनवलं होतं. गन, डबा, तारा माझ्या. कुलूप त्यांचं.

प्रशांत मात्र लाल झाला. “बाबा, मालक आपून. अन् आपल्यापाशीच रिमोट नाई?”

“तुह्या मायपाशी हाय ना.”

“मले त दारबी उघडता येत नाई त्या गाडीचं,” काकू म्हणाल्या.

“म्हणूनच तुले देल्ला.”

मी डॅशबोर्डखाली हात घातला. काकाजी म्हणाले, आधी आशाताईचा. सुनंदाबाईंनी रिमोट दाबला आणि गाडी ‘टुक’ बोलली, तशा त्या दचकल्या आणि मग लाजून हसल्या. दुसरा शेवंताबाईंचा. त्यांनी तो लगेच पदराच्या गाठीत बांधला. तिसरा काकूंचा. शेवटचा भीमाचा. त्याने रिमोट उलटासुलटा करून पाहिला, नाकाजवळ नेला. “याच्यातून आवाज निंगत नाई,” म्हणाला, “मंग तिले आयकू कसं येते?” मला आत्तापर्यंत भेटलेल्या गिऱ्हाइकांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला. मी त्याला म्हटलं, मीही तेच शोधून राह्यलो. त्याने काळ्या दोऱ्यात ओवून रिमोट गळ्यात घातला. निघताना काकाजींनी चौघांना बजावलं, “साप, बाळंतपण, बिमारी. दुसऱ्या कामाले दाबाचा नाई. मी बी मांगितलं तरी नाई.”

आणि खरंच तसं चाललं. सुनंदाबाई बाळंतिणीला घेऊन गेल्या, शेवंताबाईंनी कोणाच्या छातीत दुखलं तेव्हा गाडी उघडली. मला बातम्या यायच्या, कारण मुकुटबनकडचा कोणीही दुकानी आला की मी आधी सुमोचं विचारायचो.

त्यानंतरच्या फवारणीच्या दिवसांत मी त्या गावात एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं वायरिंग करायला गेलो होतो. सकाळचं ऊन वर आलं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत कपाशीवर औषध मारतात. औषध म्हणतो आम्ही त्याला, पण ते विषच. तोंडाला फडकं बांधून माणसं फवारतात, वारा उलटला की अंगावर येतं. मी काम करत असताना आरडाओरड ऐकू आली. दोघांनी एका माणसाला मोटरसायकलवर मध्ये धरून आणलं आणि काकाजींच्या अंगणात उतरवलं. तो भीमा होता. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून फेस, मान सावरत नव्हती. सुनंदाबाई पिशवी घेऊन पळत आल्या. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आत्ताच्या आत्ता दवाखाना.” अँब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती.

त्यांनी रिमोट काढून दाबला. सुमो गप्प.

पुन्हा दाबला. जवळ जाऊन दाबला. पदराला पुसून दाबला. “रशीदभाई, हे काहून असं करून राह्यलं?” त्यांनी मला विचारलं.

मी रिमोट हातात घेतला. त्याचा लाइट लागत होता, म्हणजे सेल चांगला. पण सुमो ऐकत नव्हती. गाडी बिघडली नव्हती. ती सुनंदाबाईंना विसरली होती. कोणीतरी तिला पाचव्याची ओळख करून दिली होती. काकू आणि शेवंताबाई दोघी केळापूरला देवीच्या दर्शनाला गेलेल्या, रिमोट त्यांच्याबरोबर. आणि भीमाच्या गळ्यात दोरा नव्हता.

“फवारणीले जाताना थो घरी काढून ठेवते,” त्याला आणणारा म्हणाला. “त्या रिमोटले औषध लागू नये म्हणून.”

ज्याने आपल्या अंगावर विष घेतलं त्याने रिमोट जपला होता. तो आणायला नाल्यापलीकडे पोडावर जायचं आणि यायचं, म्हणजे वेळ हातचा जाणार. मी म्हटलं, “काकाजी, दोन मिनिटं. माझ्यापाशी पट्टी हाय, काचेच्या फटीतून सळी ओढतो.” खरोखर दोन मिनिटांचं काम होतं. मी पिशवीत हात घातला आणि पट्टी शोधू लागलो.

काकाजींनी माझी पट्टी पाहिली नाही. त्यांनी अंगणातल्या चुलीचा दगड उचलला. रोज सकाळी ज्या काचेवरून ते आपला दुपट्टा फिरवायचे, चिखलाचा थेंब राहू द्यायचे नाहीत, त्या काचेवर तो दगड घातला. काच खाली आली आणि भोंगा सुरू झाला. असा काही किंचाळला की गोठ्यातले बैल दाव्याला ओढ देऊ लागले.

आत हात घालून दार उघडलं, भीमाला मागच्या सीटवर निजवलं, सुनंदाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. गजू नावाचा ट्रॅक्टर चालवणारा उडी मारून पुढे बसला, त्याने पूर्वीसारखी आतच लटकणारी चाबी फिरवली. इंजिन मुकं. माझा कट-ऑफ! कुलूप न उघडता कोणी आत शिरला की तोच चोर, असं मीच त्या डब्याला पढवलेलं होतं. मी गजूच्या पायांत शिरून डॅशबोर्डखाली आडवा झालो, कट-ऑफचा प्लग उपटला आणि दोन जाड तारा दातांनी सोलून एकत्र पिळल्या. आयुष्यात एवढं कुरूप काम मी कधी केलेलं नाही. इंजिन धडधडलं. भोंगा चालूच होता. मी त्याच्या तारेला हात घातला.

“राहू द्या,” काकाजी वरून म्हणाले. “ओरडू द्या तिले.”

मी बाहेर आलो आणि सुमो सुटली. त्या भोंग्याची गंमत अशी की तो थोडा वेळ वाजतो आणि आपोआप थांबतो, पुन्हा धक्का बसला की पुन्हा वाजतो. आणि मुकुटबनच्या रस्त्यावर धक्क्यांना काय तोटा? खड्डा आला की भोंगा, खड्डा आला की भोंगा. सुनंदाबाईंनी नंतर सांगितलं की समोरचे ट्रक अँब्युलन्स समजून बाजूला झाले, बाजारातली माणसं बैलबंड्या ओढून कडेला झाली, एकदासुद्धा ब्रेक मारावा लागला नाही. मी मात्र अंगणात काचांमध्ये उभा राहून तो आवाज ऐकत होतो. लांब जाईपर्यंत, अगदी बारीक होईपर्यंत ऐकत होतो. चोराला पळवून लावायला मी शेकडो भोंगे बसवले. आपला भोंगा कोणासाठी रस्ता मोकळा करत चालला आहे, हे मी त्या दिवशी ऐकलं, आणि मला रडू आलं.

मुकुटबनला पहिलं इंजेक्शन मिळालं, तिथून त्याला यवतमाळला नेलं. काही दिवस तो जगतो की जातो, हे कळत नव्हतं. मग तो वाचल्याचं कळलं.

गाडी गेली त्याच दिवशी काकाजींनी मला विचारलं होतं, “काहून नाई उघडली?” मी खरं ते सांगितलं. प्रशांत पोळ्याला आला होता, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, मी बोलू का त्याच्याशी? म्हणाले, “फोनवर नका बोलू. गाडी चालवत अशीन थो, हात कापतीन त्याचे. घरी आल्यावर मीच सांगतो.”

भीमा पोडावर परत आल्यावर काकाजींचा मला निरोप आला. डब्याची आठवण पूर्ण पुसून चौघांची पुन्हा ओळख करून द्यायची, तर चारही रिमोट एका वेळी एका जागी लागतात, म्हणून मीच एस.टी.ने गावात गेलो. नवीन काच बसलेली होती. चौघे अंगणात जमले होते. भीमा निम्मा झाला होता, सदरा खांद्यावर लोंबत होता, पण चालत आला होता. आणि प्रशांत होता. त्याचा चेहरा पाहून कळलं की बापाने सांगितलं आहे. त्याने मोबाइलवर पाहून पाहून, तसलाच रिमोट मागवून, घरच्या घरी गाडीला शिकवला होता. ज्याचा व्हिडिओ त्याने पाहिला त्याने शिकवायचं कसं ते नीट दाखवलं होतं, विसरण्याचं काही बोलला नव्हता. मी बोललो होतो, पण ते त्याला तेव्हा आठवलं नाही.

त्याने पाचवा रिमोट माझ्यासमोर धरला. “चाचा, माह्या हातानं पुसतो. कुठलं बटण?”

मी दाखवलं. तो डॅशबोर्डखाली वाकला आणि लाइट विझेपर्यंत बटण दाबून राहिला. मग मी एकेकाची ओळख करून दिली. टुक, सुनंदाबाई. टुक, शेवंताबाई. टुक, काकू. टुक, भीमा नाईक. प्रशांतने शेवटी आपला दाबून पाहिला. सुमोने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. त्याने मान हलवली आणि रिमोट माझ्या पिशवीत टाकला. डब्याचं मला हेही नवल वाटतं. तो विसरतो तेव्हा राग धरून विसरत नाही, आणि नव्याने शिकतो तेव्हा उपकार करत नाही.

बायका आपापल्या कामाला गेल्या. गाडी बंद करून झाली होती. भीमा ओट्यावर बसून चहा पीत होता. प्रशांतने बॅग उचलली आणि मला म्हणाला, “चला चाचा, सुमोनं पांढरकवड्याले सोडतो तुमाले. तिथून मी नागपूरची गाडी धरतो. गजू आणीन सुमो वापस.” माझे गुडघे या वयात एस.टी.च्या पायऱ्यांना भितात, मी खूश झालो.

प्रशांत ओट्याजवळ गेला. या माणसाशी तो आजवर असा कधी बोलला नसावा. “नाईक,” तो म्हणाला, “जरा गाडी उघडून द्या ना जी.”

भीमा ताडकन उठला. कपातला चहा सांडला. “कोणाले का झालं?”

“काई नाई झालं. मले अन् चाचाले पांढरकवड्याले जाचं हाय.”

भीमाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, तसंच नीट. “बिमार हा का?”

“नाई,” प्रशांत म्हणाला.

“चाचा?”

“नाई,” मीही कबूल केलं.

भीमा परत ओट्यावर बसला. गळ्यातला रिमोट त्याने सदऱ्याच्या आत सारला आणि कप उचलला. “मंग यष्टीनं जा,” म्हणाला.

प्रशांतने बापाकडे पाहिलं. काकाजी आमच्याकडे पाठ करून नव्या काचेवर दुपट्टा फिरवत होते. मागे न वळताच म्हणाले, “आताची गेली अशीन. दुसरी भेटन, निंगा.”

प्रशांतने आपली बॅग खांद्याला लावली, माझी हत्यारांची पिशवीही घेतली, आणि सुमोच्या मालकाचा मुलगा व तिचं कुलूप बसवणारा मिस्त्री, आम्ही दोघे फाट्यापर्यंत पायी गेलो.